पाटकऱ्याच्या मागावर

तुम्ही सकाळी कामाला निघालात आणि थोडं अंतर ठेवून एक माणूस तुमच्या मागून चालायला लागला. तुम्ही थांबलात की तो थांबतो, तुम्ही वाकलात की तो मान लांब करून बघतो, आणि विचारलं तर तोंडावर सांगतो की तुम्ही चोरी करताय का ते बघायला मला नेमलंय. किती दिवस सोसाल?

थापा मारू नका. साहेबानं फोन करून ‘पोहोचलात का’ एवढं विचारलं तरी तुम्ही घरी येऊन भांडी आपटता. पाटकऱ्यानं हे उभं आयुष्य सोसलं. त्याच्या बापानं सोसलं होतं, बापाच्या बापानं सोसलं होतं, आणि त्यातला कुणी फार मोठ्या मनाचा होता म्हणून नव्हे. कामच तसं होतं.

नदीला वरच्या अंगाला बांध घालून काढलेला एक मातीचा पाट डोंगराच्या कडेकडेनं वळणं घेत गावच्या शेतांपर्यंत येई. त्या पाटाचं पाणी ज्याचं त्याला वाटून देणारा तो पाटकरी. खांद्यावर फावडं, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि चेहऱ्यावर असा भाव की नदी उगमापासून आपणच ओढत आणली. प्रत्येक शेताच्या तोंडाशी एक लाकडी फळी. उचलली की पाणी आत, सोडली की बंद. एवढंच काम. पण माणसं या फळीवरून जितकी भांडतात तितकी सोयरिकीवरूनही भांडत नाहीत, म्हणून जुन्या लोकांनी दोन गोष्टी ठरवून ठेवल्या होत्या. पाटकऱ्याचं स्वतःचं शेत पाटाच्या अगदी शेपटाला असायचं, म्हणजे सगळ्यांचं भिजल्याशिवाय त्याचं भिजणार नाही. आणि पाणी सुटलं की शेपटाकडच्या घरांतला एक माणूस पाटकऱ्याच्या मागावर राहायचा, वरपासून खालपर्यंत.

मागावरच्या माणसाला मजुरी नव्हती. संशय घ्यायचा पूर्ण अधिकार, हीच त्याची मजुरी. आणि हे काम नको म्हणणारा माणूस शेपटाकडे आजवर जन्माला आला नव्हता.

आपल्या पाटकऱ्याच्या मागावर बरीच वर्षं एक म्हातारा शिंपी होता. जन्म उसवलेलं शिवण्यात गेल्यामुळे त्याला जगात दुसरं काही दिसतच नव्हतं. गाव त्याला ‘सावली’ म्हणायचं.

“फळी जरा वर राहिली,” सावली म्हणायचा.

“राहिली नाही. खाली गवत अडकलंय.”

“मग गवत काढ की.”

“तू काढ. तुझे हात काय शोभेला आहेत?”

“माझे हात बघायला आहेत. करायला तू आहेस.”

“हातानं बघतोस होय? तरीच तुझ्या विजारीला एक पाय आखूड असतो.”

असं बोलत बोलत सावलीच खाली बसायचा आणि गवत उपसायचा. रोजचं हेच. चिखल, टोमणे आणि खेकड्यांची बिळं. खेकडा पाटाच्या कडेला बीळ करतो, बिळातून पाणी पाझरतं, पाझराची धार होते आणि धारेचं भगदाड. हे सावलीला आधी दिसायचं, कारण पाणी कुठं कमी दिसलं की त्याचा चेहरा खुलायचा. “इथून पुढं धार बारीक झाली. कुठं घातलंस रे पाणी?” मग स्वतःचं नाव राखायला पाटकरी पालथा पडून बीळ शोधायचा, आणि दोघं मिळून त्यात माती दाबायचे, एकमेकांच्या खानदानाची चौकशी करत. पाट दुरुस्त करू या, असं त्या गावात कधी कुणी म्हणालं नाही. एकमेकांना खोटं पाडायच्या नादात पाट दुरुस्त राहायचा.

पण पाटकऱ्याच्या मनाला ते लागायचं.

“माझ्या बापानं ओंजळभर पाणी चोरलं नाही,” तो बायकोला म्हणायचा. “मी चोरलं नाही. मग हा शिंपी कशाला?”

“असू द्या,” बायको म्हणायची. “माझ्यापेक्षा जास्त संसार त्यानं तुमच्याबरोबर केलाय. उद्या सोडून गेला तर तुम्हालाच करमायचं नाही.”

त्याला हसू यायचं नाही. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. मरायच्या आधी गावानं एकदा म्हणावं, की या माणसावर नजर ठेवायची गरज नाही. पैसा नको, जमीन नको. फक्त हे वाक्य.

आणि मग गावात व्याख्याते आले.

जुन्या शेतीपद्धतींपैकी कुठल्या टिकल्या, कुठल्या बुडाल्या आणि का, हा त्यांचा विषय. शाळेच्या सभागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, माईक सवयीनं किंचाळला, पडद्यावर फोटो सुरू झाले. आधी डोंगरापलीकडचं खोरं. तिथं कुण्या जुन्या राजानं बांधलेला दगडी कालवा आहे. चिरे असे बसवलेत की मधे चाकूचं पातं शिरत नाही. कालवा अजून ताठ उभा आहे. फक्त त्याच्या काठी शेत नाही. जमीन पांढरीफटक, वर मीठ फुटलेलं, पायाखाली करकरणारं. मग आपला पाट आला पडद्यावर. वाकडा, गाळानं भरलेला, दर वर्षी कुठं ना कुठं फुटणारा, आणि खाली नजर पोहोचेल तिथपर्यंत हिरवं.

“तो कालवा संपला, हा पाट टिकला,” व्याख्याते म्हणाले. “कारण तिथं हुकूम होता आणि इथं विश्वास होता. तुमचे पूर्वज एकमेकांवर विसंबून राहिले.”

सभागृह गहिवरलं. पूर्वजांबद्दल इतकं चांगलं कुणी पहिल्यांदाच बोलत होतं. ज्यांच्या आजोबांनी फळीवरून एकमेकांची डोकी फोडली होती, ते शेजारी शेजारी बसून नाक ओढत होते.

पलीकडचं खोरं कसं बुडालं हे गावातल्या म्हाताऱ्यांना वेगळं ठाऊक होतं, पण म्हाताऱ्यांना माईक कोण देतं? ते सांगायचे की राजानं कालव्यावर नेमलेला मुकादम काही चोर नव्हता. भला माणूस होता. त्याचं घर कालव्याच्या तोंडाशी, शेतही तोंडाशी. रोज सकाळी दार उघडून बघायचा तर पाणी भरून वाहतंय. वर निरोप धाडायचा, सगळं ठीक आहे. खाली पाणी साचून साचून जमिनीतलं मीठ वर येत होतं, पण शेवटच्या शेतापर्यंत चालत जायचं कारण ना मुकादमाला होतं, ना राजाला. दगडी कालवा फुटत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाला बघावं लागलं नाही. आपला पाट म्हणजे रडकं पोर. सारखं कडेवर घ्यावं लागायचं, म्हणून जगलं.

भाषणाच्या शेवटी पाटकऱ्याचा फोटो आला. फावडं खांद्यावर, मान ताठ, आणि त्याच्या मागे काठी टेकून, डोळे बारीक करून उभा सावली.

“हे मागचे गृहस्थ कोण?” व्याख्यात्यांनी विचारलं.

पाणी कमिटीचे अध्यक्ष पुढच्याच खुर्चीवर होते. पाटाच्या तोंडाशी त्यांची गुलाबांची शेती. फुलं शहरात जायची आणि अध्यक्ष फुलांच्या मागोमाग, त्यामुळे चारचौघांत गावाची शोभा होणार नाही याची त्यांना फार काळजी. आता विश्वासावर एवढं बोलणं झाल्यावर, हा माणूस पाटकऱ्याला चोर समजून मागे फिरतो, असं कोणत्या तोंडानं सांगणार?

“ते... मदतनीस आहेत,” अध्यक्ष म्हणाले.

“मदतनीस तुझा काका,” मागून सावली म्हणाला. शेजारच्यांनी त्याला खाली ओढलं.

त्या एका प्रश्नानं गावाला लाज वाटायला लागली. पिढ्यान् पिढ्या चाललेल्या भांडणाची लाज कुणाला वाटली नव्हती. पाहुण्यानं फोटो पाहिल्यावर वाटली. पंधरवड्यात कमिटीनं पाटकऱ्याचा सत्कार ठरवला. त्याला काचेच्या चौकटीतलं मानपत्र दिलं. आजपासून तुमच्या मागावर कुणी नाही, असं माईकवरून जाहीर केलं. आणि एवढ्यानं मन भरेना म्हणून त्याचं शेपटाकडचं शेत कमिटीकडे घेऊन, बदल्यात पाटाच्या तोंडाशी, अध्यक्षांच्या गुलाबांशेजारी, पहिल्या पाण्याचं शेत दिलं. सावलीलाही विसरले नाहीत. त्याला घडीची खुर्ची दिली, म्हणजे आता तो बसून राहील.

ज्या दोन खुंट्यांवर पाट उभा होता त्या दोन्ही उपटल्या, वरून टाळ्या वाजवल्या. याला म्हणतात सन्मान.

 घरी येऊन पाटकऱ्यानं मानपत्र दारासमोरच्या भिंतीवर लावलं, काढलं, जरा वर लावलं. “आता बरं दिसतं का?” बायकोला विचारलं.

“सरळ आहे,” ती म्हणाली. “धूळ कोण पुसणार ते सांगा.”

पहिल्या दिवशी तो एकटा पाटावरून चालला तेव्हा चक्क शीळ घालत होता. मधेच थांबून मागं वळून बघितलं. कुणी नाही. स्वर्ग वाटला. पुढं पुढं तो अर्ध्यातूनच परतायला लागला, कारण स्वतःचं शेत आता वर होतं आणि खाली त्याचं काही उरलं नव्हतं. मग तेही सुटलं. सकाळी फळ्या उचलायच्या, तोंडाशी भरून वाहणारं पाणी डोळे भरून बघायचं आणि घरी यायचं. पाणी सोडल्यावर खालीच जाणार, वर थोडंच चढणार आहे? चोरी म्हणाल तर एक थेंब नाही. मानपत्रातला शब्द न् शब्द खरा होता.

शेपटाकडे धार बारीक होत गेली. पण आता पाटावर जाऊन बघणं म्हणजे सत्कारमूर्तीचा अपमान. लोकांनी आभाळाला दोष दिला, बियाण्याला दिला, सुनेच्या पायगुणाला दिला. पाटाकडे कुणी गेलं नाही. सावली घडीच्या खुर्चीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांची शिवण बघत होता.

पाटकऱ्याची धाकटी बहीण शेपटाला नांदत होती. नवरा ट्रकवर, महिनोन् महिने बाहेर; ती भाजीची रोपं तयार करून विकायची, त्यावर घर चालायचं. एका दुपारी ती भावाच्या दारात आली. हातात मिरचीची रोपं, माना टाकलेली.

“दादा, पाणी कुठंय?”

“सकाळीच सोडलंय. येईल.”

“सोडलंस ते मला माहीताय. आलं नाही ते तुला माहीत नाही.”

“असं कसं येणार नाही? चल, दाखवतो.” त्यानं तिला स्वतःच्या शेताशी नेलं. पाणी काठोकाठ. “हे काय आहे?”

“हे तुझ्या दारातलं आहे,” धाकटी म्हणाली. “माझ्या दारात चल. का मानपत्राला ऊन लागेल?”

ते शब्द झोंबले म्हणून तो उठला, नाहीतर उठला नसता. दोघं पाटावरून खाली चालले, आणि एकेक वळण मागे पडेल तसा त्याचा आवाज खाली गेला. गाळ पोटरीपर्यंत. गवत इतकं की पाणी दिसेना. खेकड्यांनी कड चाळणीसारखी केलेली. धारा बाजूच्या ओढ्यात चालल्या होत्या, आणि ओढ्याकाठचं पडीक रान मात्र असं माजलेलं की बघून डोळे निवावेत. धाकटीच्या शेताशी आले तेव्हा पाटात पाणी नव्हतं. ओल होती.

 धाकटीनं हातातली रोपं पाटाच्या कोरड्या तळात टाकली आणि घरात गेली. त्याला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तो एकटाच फावडं घेऊन उतरला. एक भोक बुजवावं तर दोन फुटत. आठवडाभरात पाठ मोडली, पाट तसाच. हे एकट्याचं काम नव्हतं. ते कधीच एकट्याचं नव्हतं, हे त्याला आता, माती उपसताना कळलं. तो अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष गुलाब मोजून पेटीत भरत होते.

“पाट फुटलाय. सगळ्या गावाला उतरावं लागेल,” तो म्हणाला. “आणि माझ्या मागावर माणूस लावा.”

“छे छे. तुमच्यावर पाळत? लोक काय म्हणतील?”

“खाली पाणी पोचत नाही.”

“तुम्ही असताना पोचत नाही असं होईलच कसं?” अध्यक्षांनी त्याला एक गुलाब दिला. “आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे.”

तो घरोघर फिरला. वरच्या शेतांवर पाणी मिळत होतं, त्यांना घाई नव्हती. मधल्यांनी मान डोलावली. “तुम्ही आहात ना,” जो तो म्हणाला. ज्या वाक्यासाठी तो आयुष्यभर झुरला, ते आता प्रत्येक दारात फुकट मिळत होतं, आणि धाकटीची रोपं वाळत होती.

त्यानं विचार केला. गावाला पाट दाखवायचा तर गाव पाटावर चालायला हवं. गाव चालतं ते फक्त चोर पकडायला. तेव्हा चोर पाहिजे. आणि पाटावर हात असलेला माणूस गावात एकच होता.

सकाळच्या उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्यानं मधल्या शेतांच्या फळ्या पाडल्या आणि खाली जाणारं सगळं पाणी स्वतःच्या शेतात घेतलं. शेताचं तळं झालं. लोक आले, बघितलं, आणि काहीतरी कारण असेल म्हणून पुढं गेले. एकानं तर ही नवी पद्धत आहे का, आपणही करू का, असं विचारलं. विश्वास एकदा बसला की माणसाला धड चोरीही करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खालच्यांनी पुन्हा आभाळाकडे बघितलं.

“अहो, आपला मका कुजतोय,” बायको म्हणाली. “आणि तुम्ही बांधावर बसून वाट कुणाची बघताय?”

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. शेपटाची मिरची वाळली म्हणून हे गाव हलणार नाही. त्यानं अध्यक्षांच्या गुलाबांची फळी पाडली आणि वर मातीची ढेप ठेवली.

दुपारपर्यंत गुलाबांनी माना टाकल्या. संध्याकाळच्या आत अख्खं गाव पाटावर. अध्यक्ष पुढं, चपला हातात. “पाणी जातंय कुठं ते बघा, प्रत्येक इंच बघा, याला सोडायचा नाही.” चोरी सिद्ध करायला लोक वळणावळणानं खाली निघाले, आणि चोरीऐवजी त्यांना गाळ सापडला, गवत सापडलं, चाळण झालेली कड सापडली. धाकटीच्या कोरड्या पाटाशी येऊन सगळे थबकले. अर्थात हे सगळं पाटकऱ्यानंच मुद्दाम केलं, खेकडेसुद्धा यानंच पाळले, असं ठरलं. ठरू द्या. पण वर सरकवलेल्या बाह्या आणि हातातली फावडी खरी होती. घराघरांतली माणसं उतरली, गाळ निघाला, कड दाबली गेली. अध्यक्षांनी आयुष्यात पहिल्यांदा पाटात पाय घातला आणि खेकड्यानं त्यांचा मान राखला नाही.

मानपत्र परत गेलं. वरचं शेत परत गेलं, शेपटाचं पदरात आलं. पाटकऱ्याचं काम मात्र काढून घेतलं नाही, कारण ते करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मागावर माणूस बसला, नव्हे, दोन. सावली घडीची खुर्ची काखोटीला मारून आला; दमला की पाटावरच उघडून बसायचा आणि बसल्या जागेवरून संशय घ्यायचा. आणि दुसरी धाकटी.

“वर बघू नकोस, दादा. फळीकडे बघ,” ती म्हणायची.

“अगं, मी तुझा भाऊ ना?”

“म्हणून तर जवळून बघतेय.”

तिच्या मिरचीला पाणी मिळालं. निम्मी रोपं गेली ती गेलीच. भाऊ तिच्या वाट्याचं पाणी स्वतःच्या मक्यात घालत होता, असं ती आजही मानते, आणि तसं शेजारणींना सांगतेही. रस्त्यात त्याच्याकडे बघून लोक आवाज खाली करतात. नव्या सुनांना तो दुरून दाखवला जातो. त्याच्या बापाचंही काही खरं नव्हतं, असं आता काहीजण म्हणायला लागलेत, आणि ते ऐकलं की त्या दिवशी तो जेवत नाही.

बायकोला सगळं ठाऊक. न राहवून ती एकदा म्हणाली, “आता पाट बरा चाललाय. धाकटीला तरी सांगून टाका की.”

तो पायाचा चिखल धूत होता. बराच वेळ घासत राहिला.

“सांगितलं तर पुन्हा विश्वास ठेवतील,” तो म्हणाला.

आता हे तुम्हालाही कळलंय, आणि पोटात गोष्ट न राहणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तेव्हा एवढं करा. त्या पाटाच्या बाजूला कधी गेलात, खांद्यावर फावडं टाकून चाललेला तो माणूस दिसला, आणि त्याच्या मागे खुर्चीवाला म्हातारा आणि तोंडानं फटकळ एक बाई दिसली, तर हा चोर नाही, हे तिथं कुणाला सांगू नका.